उंबऱ्यावरची निळी पावलं

डायरी पंच्याण्णव सालची आहे आणि माझा भाऊ चौऱ्याण्णव साली गेला. हे एवढंसं वाक्य मी यंदाच्या संक्रांतीपासून मनात घोळवते आहे, आणि अजून ते नीट बसत नाही.

काळ्या रेक्झिनचा पुठ्ठा आहे. त्यावर कुण्या कापडवाल्याचं नाव होतं, ते खरवडून गेलंय. साल तेवढं सोनेरी आकड्यांत शिल्लक आहे. उघडली की आधी वास येतो. ओल्या कापडाचा, कसल्याशा आंबट रसायनाचा, डांबरगोळ्यांचा आणि त्या सगळ्याच्या खाली अगदी पुसट असा खोबरेल तेलाचा. तेलाचा वास मी लगेच ओळखला. सुकदेवभाऊ डोक्याला इतकं तेल थापायचा, की याच्या उशीवर भजी तळून निघतील असं माय म्हणायची. पहिल्या पानावर आमच्या सुरतेतल्या लिंबायतच्या गल्लीचा पत्ता आहे, खाली त्याचं नाव आणि नावाशेजारी निळ्या अंगठ्याचा ठसा.

डायरी घेऊन आले ते शेषराव. पलसाण्याला रंगाईचा एक कारखाना कधीचा बंद पडलाय, त्याचे ते म्हातारे राखणदार, मूळचे परभणीकडचे. शेड पाडायची म्हणून कामगारांच्या खोल्या रिकाम्या करताना त्यांना एक पत्र्याची पेटी सापडली. पेटीत कंगवा, दोन बनियनं आणि ही डायरी. पत्ता वाचून ते रिक्षाने शोधत आले आणि चपला काढून उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

"ही वही तुमच्याच माणसाची हाय का बघा," ते म्हणाले. "आमी कामाला लागलो तवाबी ती पेटी तिथंच व्हती. कुणाची, म्हून कुणी इचारलं न्हाई. पर तिच्यावर कुणी बसतबी नव्हतं."

"का बरं?"

"काय की. बसू वाटायचं न्हाई."

चहा घेऊन ते गेले. मायला वाचता येत नाही, पण आकडे ओळखते. तिने पुठ्ठ्यावरच्या सोनेरी नऊवर बोट ठेवलं, मग दुसऱ्या नऊवर, मग पाचावर. बोट बराच वेळ तिथेच राहिलं. मी लग्नानंतर दोन गल्ल्या सोडून राहते आणि साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम मायच्या दारात बसून करते. त्या दिवशी मांडीवरच्या साडीला एकही टिकली लागली नाही.

"वाच," माय म्हणाली. मी पानं उलटायला लागले तशी तिने माझा हात धरला. "एक दिनले एकच पान वाच, बाई. सर्वं एकदम वाचशी ते तो एकदम सरी जाई."

तेव्हापासून आम्ही रोज एक पान वाचतो. ज्या तारखेचं पान, त्याच तारखेला. पुढे डोकावायचं नाही असा मी कानाला खडा लावून घेतला आहे. ते काही आज्ञाधारकपणामुळे नाही, भीतीमुळे.

*

ज्या लिंबायतमध्ये मी वाढले तिथे शांतता म्हणून काही नव्हतीच. आमच्या खोलीच्या मागच्या भिंतीला लागून लूमचं खातं होतं. त्यातले माग दिवसरात्र खडखडायचे, आणि फळीवरची भांडी त्या तालावर सरकत सरकत कडेला यायची. रोज संध्याकाळी ती मागे ढकलायची हे माझं काम. गल्लीत सगळे आमच्याकडचेच, धुळ्याचे, अमळनेरचे, शिरपूरचे. घरात अहिराणी, नळावर गुजराती, खात्यात हिंदी. वडील मला आठवत नाहीत. भाऊ सातवीनंतर मागावर उभा राहिला, आणि मी शाळेत जायला लागले ती त्याच्या पाठीवर बसून. तो कामावरून आला की त्याच्या भुवयांवर, कानांच्या लवेवर कापडाचा पांढरा भुगा बसलेला असायचा. मी तो फुंकरीने उडवायची. "म्हातारा झालो का गं, चिमी?" तो विचारायचा. मी हो म्हटलं की लंगडत चालून दाखवायचा.

माझी वेणीही तोच घालायचा. मायला पहाटेपासून घरकामं असायची. मागावर तुटलेले धागे जोडायची त्याच्या बोटांना सवय, त्यामुळे वेणी अशी घट्ट बसायची की माझे डोळे तिरळे व्हायचे. लाल रिबीन त्यानेच आणलेली. रिबिनीचं फूल मात्र त्याला कधी जमलं नाही, गाठच मारायचा.

मग एके दिवशी माग थांबले. नुकतेच गणपती बोळवले होते, पुराचा चिखल अजून भिंतींवर वाळलेला होता, आणि लोक तोंडाला रुमाल बांधून हलक्या आवाजात एकच शब्द बोलत होते. प्लेग. मला रोगाची भीती वाटल्याचं आठवत नाही. आठवते ती शांतता. संध्याकाळी मी भांडी मागे ढकलायला गेले तर ती जागची हललीच नव्हती. मी खूप घाबरले आणि रडायला लागले, आणि का रडतेय ते मला कुणाला सांगता येईना.

उधना स्टेशनवर पाय ठेवायला जागा नव्हती. भाऊने मला खिडकीतून आत कोंबलं, मागोमाग ट्रंक, मग मायला दारातून कसंबसं ढकललं. त्याचे हात कढत होते. गर्दीत सगळ्यांचेच असतील असं मला वाटलं.

"चिमी, खिडकीची जागा सोडू नको हां," तो बाहेरून म्हणाला. "मी मागच्या डब्यात चढतो."

मागच्या डब्यात तो नव्हता. अमळनेरला सगळे उतरले, गाडी रिकामी झाली, तरी नव्हता.

दोन महिन्यांनी शेजारचे उत्तममामा गावाकडे आले आणि ओसरीवर डोक्याला हात लावून बसले. "मी मन्हा डोयाघाई देखं, आक्का," ते मायला म्हणाले. "दवाखानानी गाडीमा घाली लई गयात त्याले. त्या गाडीमाईन कोणी परत नही उनं." देह नव्हता. दर्भाचा पुतळा करून नदीकाठी जाळला. पुतळा अगदी लहान होता, मला उचलता आला असता. तो पेटला तेव्हा खात्यातल्या भुग्यासारखी पांढरी राख उडाली, आणि मी सवयीने फुंकर घातली.

*

संक्रांत झाल्यावर आम्ही सुरतेला परतलो. कुलूप तेच, खोली तीच, भिंतीमागची खडखड पुन्हा सुरू झालेली. मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली.

आखाजीला आमच्या खानदेशात पितरांसाठी घागर भरतात. वर्षाच्या आत गेलेल्या माणसासाठी मात्र घागर नाही, डेरगं मांडतात, म्हणजे वेगळं मातीचं भांडं. त्यात पाणी भरायचं, वर खरबूज आणि सांजोरी ठेवायची. मायने भाऊचं डेरगं मांडलं आणि त्याच्यापुढे त्याचा चौकडीचा शर्ट घडी करून ठेवला. तिच्या माहेरी आणखी एक रीत होती. त्या दिवशी भर दुपारी आपली माणसं तहानेली येतात, म्हणून दारात पाणी ठेवायला कोणीतरी बसायचं. मायला देवळात नैवेद्य न्यायचा होता. तिने मला उंबऱ्याशी बसवलं आणि पढवलं.

"त्येस्ना तोंडकडे देखानं नही. पाणी ठेव, पाठ फिराव, अन म्हण, पाणी पी अन जाय."

मी दहा वर्षांची होते. सणाची सुट्टी, माग बंद, तीच ती शांतता. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. ऊन इतकं होतं की समोरची भिंत हलल्यासारखी दिसत होती. मी खाली मान घालून बसले होते आणि माझ्यासमोर दोन पाय येऊन उभे राहिले.

पाय निळे होते. घोट्यापर्यंत निळे, नखं तर काळीनिळी. जिवंत माणसाचे पाय असे नसतात हे मला तेव्हाही कळत होतं. आणि तरी ते पाय भाऊचे होते, कारण उजव्या पायाच्या करंगळीचं नख लहानपणीच गेलं होतं आणि तिथे नख नव्हतं.

मी वर पाहिलं नाही. लोटा पुढे सरकवला, पाठ फिरवली आणि पढवलेलं म्हणाले. मागे घटाघटा पाणी पिण्याचा आवाज आला. लोटा खाली टेकल्याचा आवाज आला. मग काहीच आवाज आला नाही, पण तो तिथेच उभा आहे हे माझ्या पाठीला कळत होतं. मी डोळे गच्च मिटून घेतले. उघडले तेव्हा ऊन तेवढं होतं, रिकामा लोटा होता आणि ओल्या उंबऱ्यावर निळसर पावलं उमटली होती. दोन.

माय आली. तिने पावलं पाहिली, लोट्यात डोकावून पाहिलं, आणि माझ्या अंगावरून हात ओवाळून बोटं मोडली. ती रडली, पण आधीचं ते छाती पिटून रडणं नव्हतं. पोरगं तहानेलं गेलं नाही, हा एक आधार तिला मिळाला. त्या पावलांना तिने हळदकुंकू वाहिलं. पावसाळ्यात ती धुऊन गेली, पुढे उंबऱ्यावर फरशी बसली, पण मायने जागा सोडली नाही. दर आखाजीला त्याच जागी हळदीची दोन बोटं उमटत आली आणि आत भाऊच्या नावाची घागर भरली जात आली.

आणि मी? मी गल्लीत प्रसिद्ध झाले. जिच्या हातून भाऊचा आत्मा पाणी प्यायला ती पोरगी. बाया कामं टाकून ऐकायच्या आणि मीही हातचं राखून सांगत नसे. दरवेळी पाय थोडे आणखी निळे व्हायचे. एकदा तर ते जमिनीला टेकतच नव्हते असंही मी सांगून टाकलं. लग्नात सासूबाईंनी मला आधी तेच विचारलं होतं.

*

डायरीचं पहिलं लिहिलेलं पान आम्ही संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी वाचलं. त्याचं अक्षर शाळेतलंच राहिलं होतं, गोल आणि उभं.

"आज तांबडा. दोन पाळ्या केल्या. चपलेचा अंगठा तुटला, खिळा मारला. डाळभात. खोकला नाही."

तांबडा म्हणजे काय ते आम्हांला कळेना. दुसऱ्या दिवशी "आज पिवळा" निघालं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तांबडा. आठवडाभराने एक लांब पान आलं, आणि ते वाचताना माझी जीभ अडखळली. "उधन्याला अंगात ताप होता. म्हणून चढलो नाही. डब्यात चिमी होती. दवाखान्यातून सोडलं पण ही बिमारी अंगात लपून राहते म्हणतात. आखाजीपर्यंत थांबू. तोवर खोकला आला नाही तर घरी जाऊ."

म्हणजे तो होता. आम्ही पुतळा जाळला तेव्हा होता. या खोलीचं कुलूप उघडून मायने केर काढला तेव्हा तो इथून तासाभराच्या वाटेवर कापड रंगवत होता. निरोप का धाडला नाही, पत्र का टाकलं नाही, ते डायरीत नाही. डायरीत फक्त रोजचं आहे. कुठला रंग, काय जेवला, कुणी विडी मागितली, आंघोळीला पाणी मिळालं की नाही, आणि शेवटी खोकला नाही.

मायने एका शब्दाने काही विचारलं नाही. फक्त रोज पान संपलं की ती म्हणते, "खोकला?" मी म्हणते, "नाही, माय." मग ती उठून भाकरीला लागते. तिच्या चेहऱ्यावर तेवढ्यापुरतं असं समाधान येतं, की एखाद्याला वाटावं पोरगं आत झोपलंय.

मी मात्र त्या रोजच्या नोंदींच्या मागे लागले. एक वेगळी वही केली. तो कुठल्या वेळी उठायचा, चहा कुठे प्यायचा, कुठल्या दिवशी कामरेजच्या बाजाराला गेला, सगळं लिहून काढलं. एका दुपारी शेषरावांना घेऊन पलसाण्याला गेले. शेडचा अर्धा पत्रा उडालेला, मोठाल्या टाक्यांच्या तळाशी वाळलेल्या रंगाची पोपडी. पेटी जिथे होती तिथे भिंतीवर एक फिकट चौकोन होता. त्या चौकोनासमोर मी उभी राहिले आणि, काय सांगू, मलाही तिथे बसू वाटलं नाही.

"आज कंचा रंग चालूय त्ये वढ्याकडं बघून कळायचं," शेषराव म्हणाले. "वढा हिरवा तर समदे हिरवे. त्या पाण्यातच तर उभं ऱ्हायचं. बूट कुणाला व्हते? पायाचा रंग काय निघायचा न्हाई, महिना महिना."

परतीच्या रिक्षात माझे दात वाजत होते आणि ऊन चांगलं कडक होतं.

त्या दिवसानंतर रोज पान उघडताना मी आधी रंग बघायची. फेब्रुवारी तांबडा-पिवळा गेला. मार्चभर हिरवा. हिरवा चालू असला की माझा जीव खाली बसायचा. हिरव्यातच आखाजी येऊ दे, असं मी मनातल्या मनात म्हणायची. तीस वर्षांपूर्वी घडून गेलेल्या गोष्टीला नवस बोलण्यात काय शहाणपण, पण मी बोलले. गल्लीच्या टोकाच्या देवीला नारळही बोलले.

एप्रिलच्या शेवटी पान उघडलं. "आज निळा."

मी थांबले. मायने पाटावरून मान वर केली. निळ्या पायांची गोष्ट तिने माझ्याच तोंडून शंभरदा ऐकली होती. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

"खोकला?" तिने विचारलं.

"नाही, माय."

*

पंच्याण्णवची आखाजी यंदाच्या आखाजीच्या थोडी आधी पडली. डायरी गुजराती, त्यामुळे पानाच्या माथ्यावर बारीक अक्षरात अखात्रीज छापलेलं. मी दार लोटून घेतलं आणि वाचलं. जसं आहे तसं इथे उतरवते.

"सुट्टी. काल संध्याकाळपर्यंत निळा. दोनदा साबण लावला, पाय निघाले नाहीत. लिंबायतला गेलो. गल्लीत कोणी नव्हतं. दार उघडं. चिमी उंबऱ्याशी बसलेली, तिने वर पाहिलं नाही. आत डेरगं मांडलंय. पुढे माझा चौकडीचा शर्ट. चिमीने लोटा ठेवला आणि पाठ फिरवली. म्हणाली, पाणी पी अन जाय. पाणी प्यालो. वेणी लांब झाली तिची. रिबिनीचं फूल केलंय. खांदे थरथरत होते. हाक मारणार होतो, पण घाबरली असती. खोकला नाही."

मला वाटतं मी ते दोनदा वाचलं, कारण मायने नंतर तसं सांगितलं. मला फक्त एवढं आठवतं की माझ्या पाठीला पुन्हा ते कळलं. तो मागे उभा आहे आणि माझी वेणी बघतो आहे. इतकी वर्षं मी समजत होते, मी भुताला पाणी पाजलं. मी माझ्या जिवंत भावाला जा म्हणाले होते, आणि तो माझं ऐकून गेला होता. मी मायच्या पायांवर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडले. "मी घालवलं गं त्याला," एवढंच म्हणत राहिले.

मायने माझे केस मागे सारले. तिचा हात थंड होता.

"त्यानं पाणी पिधं ना?" तिने विचारलं.

"पिधं, माय."

"सर्वं?"

"सर्वं."

मागे खात्यात माग चालू होते आणि फळीवरची भांडी सरकत होती. "तुले मीच शिकाडेल व्हतं," ती शेवटी म्हणाली. "तू धाकली व्हतीस." एवढं बोलून ती उठली आणि फळीवरची भांडी स्वतः मागे ढकलली.

पुढची पानं आहेत. किती लिहिलेली आहेत ते मला डायरीच्या कडेवरून कळतं. शाईची पानं जराशी फुगलेली असतात, कोरी दाबून बसलेली. ती फुगलेली कड फार जाड नाही. मायला मी हे सांगितलं नाही, आणि तिनेही डायरी कधी आडवी धरून पाहिली नाही. रोज एक पान. काल हिरवा होता.

आज आखाजी. सकाळी कुंभाराची गाडी गल्लीत आली तेव्हा मी सवयीने घागर घ्यायला उठले. माय म्हणाली, "राहू दे." गाडी पुढे गेली. सांजोऱ्या मात्र तिने केल्या, चार जास्त. चौकडीचा शर्ट ट्रंकेतून काढून वाळत घातला, जणू कुणाला घालायचा आहे. उंबऱ्यावर हळदीची बोटं उमटवली नाहीत.

दुपारी मी तोच लोटा भरून दारात बसले. माग बंद, ऊन तसंच, समोरची भिंत तशीच हलणारी. सवयीने माझी मान खाली गेली तशी आतून मायची हाक आली.

"आते पाठ नको फिरावू, बाई. तोंडकडे देख."

मी मान वर केली. आता तो असलाच तर पन्नाशीचा असेल. केस पिकले असतील, भुगा नसला तरी. गल्लीच्या तोंडाशी एक माणूस वळला, मी त्याचं तोंड पाहिलं. तो सरळ निघून गेला. मग आणखी एक आला.

"उना का व?" मायने आतून विचारलं.

"नही अजून," मी म्हटलं, आणि पुढच्या माणसाचं तोंड बघायला लागले.